नांगर आणि कागद

बल्लारशाहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी वर्धा नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द मागे पडते. सिरपूर-कागजनगर, आसिफाबाद रोड, रेचनी रोड अशी स्थानके घेत ती बेल्लमपल्लीस पोहोचते. जुन्या हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव दगडी कोळशाच्या खाणींमुळे नावारूपास आले. काझीपेट ते बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ साली पूर्ण झाला, उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थान सरळ रुळांनी जोडले गेले आणि या अरण्यात बाहेरच्या जगाचा वावर एकाएकी वाढला. गाडीच्या खिडकीतून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे सागाच्या रानाने झाकलेले डोंगर दिसतात. तिर्याणी, केरामेरी, उटनूर हा सारा मुलूख त्या डोंगरांत वसलेला आहे. गोंड आणि कोलाम लोकांचे ते फार जुने घर.

या डोंगरांकडे पाहताना एक साधा प्रश्न मनात उभा राहतो. जमीन कोणाची? जो ती प्रथम नांगरतो त्याची, की ज्याच्याजवळ तिचा कागद असतो त्याची? प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर माणसांची आयुष्ये उभी राहिली आणि मोडलीही. या प्रश्नाचे एक उत्तर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका सैनिक-शेतकऱ्याच्या आयुष्यात मिळाले. दुसरे उत्तर विसाव्या शतकात बेल्लमपल्लीच्या पश्चिमेस असलेल्या डोंगरांत मिळाले. ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

त्या सैनिक-शेतकऱ्याचे नाव डॅनियल फ्रीमन. त्याचा जन्म २६ एप्रिल १८२६ रोजी ओहायो राज्यात झाला. त्याच्या तारुण्यात अमेरिकेत पश्चिमेकडे सरकण्याचे जणू वारेच सुटले होते. पूर्वेकडील भूमी भरत चालली होती आणि मिसुरी नदीपलीकडे गवताची अफाट मैदाने पसरलेली होती. ती माणसांना द्यावी कशी, विकावी की वाटावी, हा वाद तेथील कायदेमंडळात कित्येक वर्षे चालला. दक्षिणेकडील गुलामधारक जमीनदारांना लहान शेतकऱ्यांची वस्ती नको होती, कारण जो स्वतः राबतो त्याला गुलामाची गरज पडत नाही. १८६१ साली दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि यादवी युद्धाला तोंड लागले, तेव्हा कायदेमंडळातील हा विरोध आपोआप नाहीसा झाला. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली.

कायद्याचा आशय थोडक्यात सांगता येतो. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा एकवीस वर्षे वयाच्या कोणत्याही नागरिकाने, अथवा नागरिक होण्याचा इरादा नोंदविलेल्या परदेशी माणसाने, किरकोळ शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर, म्हणजे पाव चौरस मैलावर, हक्क सांगावा. पाच वर्षे तेथे राहावे, घर बांधावे, जमीन कसावी. मुदत संपल्यावर दोन साक्षीदार आणून तसे सिद्ध करावे, की जमीन त्याची झाली. विधवा व अविवाहित स्त्रियांनाही हा अधिकार होता. अट एक होती: अर्जदाराने संयुक्त संस्थानांविरुद्ध शस्त्र धरलेले नसावे. भूमीचे वाटप आणि युद्धातील निष्ठा यांची अशी गाठ त्या कायद्याने आरंभीच घातली होती.

कायद्याचा अंमल १ जानेवारी १८६३ रोजी सुरू व्हावयाचा होता. फ्रीमन त्या वेळी युनियन सैन्याच्या नोकरीत होता. नेब्रास्का प्रदेशातील बीट्रिस गावाजवळ कब क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी त्याने एक जागा हेरून ठेवली होती. ओढ्याला पाणी होते आणि काठाला थोडी झाडीही होती. त्या उघड्या मैदानात ही दोन्ही दुर्मीळ. जमिनीची सरकारी कचेरी ब्राउनव्हिल येथे होती. पुढची कथा फ्रीमन स्वतः सांगत असे आणि ती आता त्या देशाच्या दंतकथांत जमा झाली आहे. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री नववर्षाच्या मेजवानीत त्याची कचेरीतील मंडळींशी गाठ पडली. आपल्याला सकाळीच सेंट लुईसला पलटणीकडे निघावयाचे आहे, कचेरी उघडेपर्यंत थांबणे शक्य नाही, असे त्याने सांगितले. अखेर मध्यरात्र उलटताच एका कारकुनाने कचेरी उघडली, अर्ज नोंदवून घेतला आणि फ्रीमन त्याच रात्री युद्धाच्या वाटेला लागला. त्या दिवशी देशभरात चारशेहून अधिक अर्ज दाखल झाले आणि पहिलेपणाचा मान इतरांनीही सांगितला. पण ब्राउनव्हिलच्या नोंदवहीत अर्ज क्रमांक एक फ्रीमनच्या नावावर आहे, आणि पुढे त्याचा हक्क सिद्ध झाल्याच्या दाखल्यावरही तोच क्रमांक पडला.

सैनिकाच्या घरची कहाणीही युद्धाने घडविलेली होती. त्याचा भाऊ जेम्स या युद्धातच कामास आला. आयोवा राज्यातील ॲग्नेस सूटर या तरुणीशी जेम्सचा विवाह ठरला होता. भावाच्या मृत्यूनंतर डॅनियल आणि ॲग्नेस यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. शोकाची पत्रे हळूहळू संसाराच्या गोष्टी बोलू लागली आणि १८६५ च्या फेब्रुवारीत दोघांचा विवाह झाला. ॲग्नेस नेब्रास्काच्या माळावरील लाकडी ओंडक्यांच्या घरात आली. तेथे या दांपत्याला आठ अपत्ये झाली.

कागदावर १६० एकर मिळविणे ही एका रात्रीची गोष्ट होती. ती प्रत्यक्षात आपली करावयास वर्षे लागली. त्या मैदानातील गवताची मुळे माणसाच्या उंचीहून खोल जातात आणि एकमेकांत गुंतून मातीचा एक जाड थर बांधतात. साधा लोखंडी नांगर तेथे चिखल धरून बसे. जॉन डीअर या लोहाराने १८३७ साली गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर घडविला, तेव्हा कोठे ही भूमी फुटू लागली. तरीही पहिली नांगरट म्हणजे बैलांची आणि माणसाची सत्त्वपरीक्षाच असे. उन्हाळ्यात गवताला वणवे लागत, हिवाळ्यात हिमवादळे येत. १८७४ साली टोळधाडीने नेब्रास्का व आजूबाजूच्या प्रदेशातील उभी पिके फस्त केली. कितीएक वसाहतकरी या एका वर्षाने खचले आणि गाड्या जुंपून पूर्वेकडे परतले. फ्रीमन टिकला. १८६८ साली त्याने पाच वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा दाखल केला, साक्षीदार उभे केले, आणि ती जमीन कायद्याने त्याची झाली.

ज्यांनी युद्धात हातपाय गमावले, ज्यांची उमेदीची वर्षे पलटणीत गेली, त्यांच्यासाठी १८७२ साली या कायद्यात आणखी एक सवलत आली. माजी सैनिकाने लष्करात घालविलेला काळ पाच वर्षांच्या मुदतीतून वजा होऊ लागला. तलवार म्यान करणाऱ्याच्या हाती नांगर द्यावा, हा विचार जगात नवा नव्हता. रोमन लोक आपल्या निवृत्त सैनिकांना जमिनी देत. मराठेशाहीतही शिपाईगिरीबद्दल इनामे मिळत. अमेरिकेतील नवी गोष्ट एवढीच की, येथे राजाच्या मर्जीची जागा कायद्याने घेतली आणि इनामाऐवजी अर्ज आला.

फ्रीमनच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग शाळेशी संबंधित आहे. त्याच्या शेताजवळ १८७२ साली बांधलेली विटांची एक लहानशी शाळा होती. परिसरातील मुले तेथे शिकत. १८९९ साली तेथील शिक्षिका वर्गात बायबल वाचते, प्रार्थना म्हणते आणि स्तोत्रे गाते, अशी तक्रार फ्रीमनने शाळामंडळाकडे केली. सरकारी शाळेत धर्मोपदेश नको, असे त्याचे म्हणणे. मंडळाने ते ऐकले नाही, खालच्या न्यायालयातही तो हरला. वय सत्तरीपलीकडे गेले होते, शेजारीपाजारी विरोधात होते. पण म्हातारा नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९०२ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. त्या निकालाशी कोणी सहमत होवो वा न होवो, एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या माणसाजवळ स्वतःच्या जमिनीचा निर्वेध कागद असतो, तो साऱ्या गावाविरुद्ध उभा राहू शकतो. त्याला कोणी उठवून लावील अशी भीती नसते. मालकी म्हणजे केवळ धान्य नव्हे. मालकी म्हणजे ताठ कणा.

३० डिसेंबर १९०८ रोजी फ्रीमन वारला. त्याला त्याच्याच शेतात पुरण्यात आले. ॲग्नेस १९३१ पर्यंत जगली. १९३६ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने ते १६० एकर राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले. विटांची ती शाळाही आज त्या स्मारकाचाच भाग आहे. होमस्टेड कायद्याखाली अखेरपर्यंत सुमारे सोळा लाख शेतकऱ्यांना मिळून सत्तावीस कोटी एकर जमीन मिळाली, म्हणजे त्या देशाच्या एकूण भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा. योगायोग असा की, या कायद्यान्वये शेवटचा पट्टा १९८८ साली अलास्कातील ज्या केनेथ डीअरडॉर्फला मिळाला, तोही युद्धातून परतलेला सैनिकच होता. त्याचे युद्ध व्हिएतनामचे.

येथवरची कथा मेहनतीच्या विजयाची आहे. परंतु इतिहास एवढ्यावर थांबू देत नाही. कब क्रीकच्या काठची ती जमीन ‘सरकारी’ कशी झाली? त्या परिसरात ओटो आणि मिसुरिया या मूळ रहिवाशांच्या जमाती राहत असत. १८५४ च्या तहाने त्यांनी आपला मुलूख सरकारच्या स्वाधीन केला. त्यांच्यासाठी बिग ब्लू नदीकाठी दहा मैल रुंद व पंचवीस मैल लांब असा एक तुकडा राखून ठेवण्यात आला. हे क्षेत्र सुमारे एक लाख साठ हजार एकरांचे होते. भोवती वसाहतकऱ्यांची गर्दी झाली तशी त्या तुकड्यावरही नजर पडली. हळूहळू तोही विकला गेला आणि १८८१ साली त्या जमातींना दक्षिणेस, आजच्या ओक्लाहोमा राज्यात, हलविण्यात आले. पहिला पट्टा फ्रीमनच्या हाती पडला त्या भूमीवर पूर्वी दुसऱ्या कोणाच्या चुली पेटत होत्या. मात्र त्या चुलींचा कागद कोणत्याही कचेरीत नव्हता.

हीच गोष्ट मनात ठेवून आता आदिलाबादच्या डोंगरांकडे वळावे. येथील गोंड हा एकाच वेळी मूळ रहिवासीही होता आणि रान मोडून शेत करणारा पहिला शेतकरीही होता. फ्रीमनची मेहनत आणि ओटो लोकांचे दुर्दैव, ही दोन्ही त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली.

गोंडांचे चांद्याचे राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले. तरीही या डोंगरांत गोंड सरदारांचा शब्द चालतच राहिला. त्या काळी जमीन अपार होती आणि कसणारे हात थोडे होते. जो कोणी गडी येईल, रान तोडील, बैल जुंपील, त्याचे स्वागत होई. पठारावरील हलक्या जमिनीत गोंड काही वर्षे ज्वारी, कुटकी, सावा यांसारखी धान्ये पिकवी. मातीचा कस उतरला म्हणजे ते शेत पडीक टाकून तो दुसरीकडे नांगर धरी. मग विसावा घेतलेल्या जुन्या शेताकडे पुन्हा येई. तोही जमिनीला मातेप्रमाणे मानणारा, पण त्याचा हक्क गावाच्या स्मरणात राहत असे, दप्तरात नव्हे. १८५७ च्या उठावाची झळ या भागालाही पोहोचली आणि १८६० साली रामजी गोंडाला निर्मल येथे फाशी देण्यात आले. ज्या दशकात फ्रीमनने आपला अर्ज नोंदविला त्याच दशकाच्या उंबरठ्यावरची ही घटना.

पुढे निजामाच्या राज्यात महसुलाची नवी घडी बसली. मोजणी आली, पट्टे आले, जंगल खाते आले. पट्टा मिळविण्यास अर्ज लागे, अर्जास लिहिता येणारा हात लागे आणि कचेरीत ओळख लागे. या तिन्ही गोष्टी गोंडाजवळ नव्हत्या. मैदानातून आलेल्या सावकारांजवळ, वतनदारांजवळ आणि धूर्त शेतकऱ्यांजवळ त्या होत्या. त्यांत तेलुगू बोलणारे होते, उर्दू बोलणारे होते आणि मराठी बोलणारेही होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. रेल्वे व सडका झाल्या, कापसाला आणि लाकडाला भाव आला, आणि ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिला किंमत आली. दुसरीकडे जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. विसावा घेत पडलेली गोंडांची शेते सरकारी रान म्हणून त्या हद्दींत गेली. मग एके दिवशी आजोबाने नांगरलेल्या शेतात नातू बैल घेऊन गेला तो गुन्हेगार ठरला. नाकेदार दंड मागू लागला. दंडाची पावती मिळत नसे आणि दंडाने हक्कही मिळत नसे.

या परिस्थितीत कोमराम भीम हा पुरुष पुढे आला. आसिफाबादजवळील संकेपल्ली हे त्याचे जन्मगाव आणि १९०१ हे त्याचे जन्मवर्ष मानले जाते. त्याच्या तारुण्याविषयी लोकपरंपरेत अनेक कथा आहेत. कुटुंबाने तयार केलेल्या शेतावर हक्क सांगणाऱ्या एका जमीनदाराचा त्याच्या हातून मृत्यू झाला. तो चांद्याच्या बाजूस पळाला. आसामातील चहाच्या मळ्यांत त्याने मजुरी केली. तेथे त्याचे डोळे उघडले, असे सांगतात. परतल्यावर त्याने केरामेरीच्या डोंगरात, जोडेघाट व बाबेझरीच्या परिसरात, सोबत्यांसह रान मोडून शेते तयार केली. गोंड होते, कोलामही होते. फ्रीमनने कब क्रीकवर जे केले तेच त्यांनी केले: निवारा उभारला, जमीन फोडली, बी पेरले. पण नेब्रास्कात ज्या कामाला पट्टा मिळाला त्याच कामाला येथे अतिक्रमण असे नाव होते. जंगल खात्याच्या नोकरांनी झोपड्या जाळल्या, पैशांच्या मागण्या केल्या. भीमाने आरंभी अर्जाचाच मार्ग धरला. गाऱ्हाणे घेऊन तो हैदराबादेपर्यंत गेला. तेथून दिलासा मिळाला तरी डोंगरातील नोकरशाहीने त्याला दाद दिली नाही.

तेव्हा त्याने शस्त्र उचलले. पाणी, रान आणि जमीन यांवर आमचा हक्क, ही त्याची मागणी ‘जल, जंगल, जमीन’ या तीन शब्दांत आज देशभर ओळखली जाते. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरावर निजामाच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि भीम व त्याचे साथीदार ठार झाले. मराठी मुलुखात ज्या रात्री कोजागरीचे दूध आटविले जाते त्या आश्विन पौर्णिमेस जोडेघाटला दरवर्षी हजारो आदिवासी जमतात आणि त्याचे स्मरण करतात.

रक्त सांडले तेव्हा सरकारला जाग आली. गोंड उठले ते कशामुळे, हे शोधण्याची गरज भासली. त्या सुमारास क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा तरुण मानववंशशास्त्रज्ञ हैदराबाद संस्थानात होता. महायुद्ध सुरू झाल्याने तो शत्रुपक्षाचा नागरिक ठरला होता आणि त्याच्या हालचालींवर बंधने होती. त्या बंधनांमुळेच संस्थानातील आदिवासींमध्ये राहण्याची संधी त्याला मिळाली. पत्नी एलिझाबेथसह तो मारलवाई या गोंड गावी येऊन राहिला. गोंडांची दैवते, कुळे आणि कथा त्याने लिहून घेतल्याच. शिवाय त्यांची जमीन कोणत्या वाटेने गेली तेही लिहून सरकारपुढे ठेवले.

त्यानंतरच्या कामात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. ते म्हणजे पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी. हैदराबादच्या मुलकी नोकरीतील हा अधिकारी आदिलाबादेत आला, गोंडी भाषा शिकला, कोलामी शिकला आणि त्यांची व्याकरणे लिहून काढली. ज्याच्या जमिनीचा निवाडा करावयाचा त्याची भाषा अधिकाऱ्याला यावी, ही गोष्ट ऐकावयास साधी वाटते. पण तोवर ते कोणाला सुचले नव्हते. १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी शिक्षणकेंद्र सुरू झाले. गोंडीची पहिली क्रमिक पुस्तके तयार झाली, ती देवनागरी लिपीत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कागदाने लुबाडले त्यांची मुले आता कागद वाचू लागली.

जमिनीच्या वाटपासाठी खास नियम झाले. पडीक व राखीव रानातील क्षेत्रे मोकळी करून ती गोंड-कोलामांच्या नावे लावण्यात आली. १९४९ पर्यंत सुमारे एक लाख साठ हजार एकरांचे पट्टे आदिवासींना मिळाले. ओटो लोकांसाठी राखून ठेवलेल्या आणि पुढे त्यांच्या हातून गेलेल्या भूमीचे क्षेत्रही एवढेच होते, हा आकड्यांचा योगायोग मनाला चटका लावतो. पृथ्वीच्या एका बाजूस जी चूक झाली ती दुसऱ्या बाजूस, उशिरा का होईना, थोडीशी सुधारली गेली.

थोडीशी, असेच म्हणावे लागते. हैदराबाद संस्थान विलीन झाले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्यात आले, उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. तीच भाषा बोलणारे, तेच पेर्सापेन पूजणारे गोंड दोन राज्यांत विभागले गेले. मारलवाईची पुस्तके मागे पडली आणि शाळांतून तेलुगू आली. बाहेरून येणाऱ्यांचा लोंढा वाढला. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या हाती जाऊ नये म्हणून १९५९ साली नियम झाला आणि १९७० साली तो अधिक कडक करण्यात आला. पण नियमाच्या फटींतून जमीन जातच राहिली. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता. लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात.

२००६ साली भारताच्या संसदेने वनहक्कांचा कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आला आहे त्याला चार हेक्टरांच्या मर्यादेत हक्क मिळावा, असे त्याने ठरविले. पुराव्यासाठी सरकारी दप्तराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांची साक्षही चालेल, अशी तरतूद झाली. फ्रीमनने १८६८ साली दोन साक्षीदार उभे करून जमीन आपली केली होती. त्याच प्रकारच्या साक्षीला आपल्या डोंगरांतील शेतकऱ्याच्या बाबतीत मोल येण्यास जवळजवळ एकशे चाळीस वर्षे जावी लागली.

कोमराम भीमाचे स्मारक आज जोडेघाटला आहे. २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे चार भाग झाले तेव्हा त्यांतील एका जिल्ह्यास त्याचे नाव देण्यात आले. बेल्लमपल्ली मंचेरियाल जिल्ह्यात गेले. एलिझाबेथ हायमेनडॉर्फ १९८७ साली निवर्तल्या आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मारलवाईच्या मातीत विसावल्या. १९९५ साली वारलेल्या हायमेनडॉर्फचीही स्मृती तेथेच, त्यांच्या शेजारी जपली जाते. गोंड लोक जानेवारीत तेथे जमून या परकी दांपत्याला आपल्या रीतीने मान देतात.

नेब्रास्कातील स्मारक आणि जोडेघाटचे स्मारक ही दोन्ही मुळात शेतेच आहेत. एका शेताचा धनी आपल्या पट्ट्याच्या बळावर वृद्धापकाळापर्यंत भांडला आणि शांतपणे आपल्याच मातीत मिळाला. दुसऱ्याला पट्टा मिळाला नाही. तो ऐन उमेदीत आपल्या शेतावर गोळी खाऊन पडला. दोघांच्या अंगी सारखेच कष्ट होते आणि हट्टही सारखाच होता. दोघांमध्ये अंतर पाडले ते सरकारने. एका सरकारने नांगराचा माग पाहून कागद दिला. दुसऱ्याने कागद नाही म्हणून नांगराचा माग पुसला.

बेल्लमपल्लीच्या स्थानकात आजही गाड्या थांबतात. कोळशाने लादलेल्या वाघिणी उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जातात. भूमीच्या पोटातील काळ्या दगडाची नोंद आणि मोजदाद येथे पहिल्या दिवसापासून झाली. त्याच भूमीच्या पाठीवर राबणाऱ्या माणसाची नोंद व्हावयास मात्र फार उशीर लागला. पश्चिमेच्या डोंगरांत पावसाळ्याच्या तोंडावर गोंड शेतकरी अजूनही बैल जुंपतो आणि पहिले तास धरण्यापूर्वी मातीला नमस्कार करतो. त्या नमस्काराला दप्तरात रकाना नाही. पण जमिनीशी माणसाचे नाते जोडणारा सर्वांत जुना दस्तऐवज तोच आहे.